जांघेतली लाली आणि पाठीवरचे डाग
वर एकीने विचारलंय की जांघेत लाल होऊन खाज येतेय आणि पाठीवर पांढरट डागही आलेत, तर हे एकच इन्फेक्शन का. दोन्ही बहुधा यीस्टच (म्हणजे एक प्रकारची बुरशी), पण वेगवेगळी. जांघ, काख, स्तनांखाली, बोटांच्या बेचक्यात, बाळांना डायपरच्या जागी, म्हणजे जिथे कातडीला कातडी घासते आणि ओल राहते तिथे अनेकदा कॅन्डिडा नावाचं यीस्ट असतं, लालभडक चट्टा आणि त्याच्या कडेबाहेर बारीक बारीक पुटकुळ्या अशी त्याची खूण. पाठ, छाती, मानेवर येतात ती शिबं, ती मॅलेसेझिया या दुसऱ्या यीस्टमुळे, ते सगळ्यांच्याच त्वचेवर असतं त्यामुळे एकाची दुसऱ्याला लागतील म्हणून घाबरू नका. औषधाने यीस्ट मेलं तरी रंग परत यायला काही महिने जातात, लोक इथेच कंटाळून औषध बदलत बसतात. क्लोट्रिमाझोल हे बुरशीवरचं औषध दोन्हींवर चालतं. पण प्लीज, स्टेरॉइड मिसळलेलं क्रीम स्वतःच्या मनाने लावू नका, खाज दोन दिवसांत थांबते आणि इन्फेक्शन मात्र पसरत राहतं, मी स्वतः भोगलंय हे. आणि जांघेतलं पुन्हा पुन्हा उलटत असेल तर एकदा शुगर तपासून घ्याच.