टर्फ मॅनेजमेंटच्या परीक्षेला सिम्युलेशन वापरलंय का कोणी?

बागशाळा: नमस्कार, मी हॉर्टिकल्चर कॉलेजला शिकवते, एमएस्सी फ्लोरिकल्चरच्या मुलांना टर्फचा (लॉन, मैदानांवरच्या गवताचा) पेपर असतो. सेमिस्टर संपतं चार-पाच महिन्यांत आणि लॉनचं गणित असतं वर्षभराचं, त्यामुळे ज्यांनी पावसाळा बघितला त्यांना मे महिन्यातलं पाणी कधी सांभाळावंच लागत नाही. पेपरात "नत्राचे फायदे लिहा" विचारलं की सगळे घोकलेलं उतरवतात. म्हणून एक्सेलवर सिम्युलेशन करायचं डोक्यात आहे, दर आठवड्याचं हवामान समोर येणार आणि कापणीची उंची, पाणी, खत, फवारणी मुलांनी ठरवायची. वाढीसाठी कुठलं मॉडेल घेऊ आणि मुख्य म्हणजे मार्क कशावर देऊ?

मातीपरीक्षक: वाढीसाठी ग्रोथ पोटेन्शियल घ्या, गवत कमाल वाढीच्या किती टक्के वाढेल ते सांगणारं एका ओळीचं सूत्र आहे, फक्त सरासरी तापमान लागतं. बर्म्युडासारख्या उष्ण हंगामी गवताला ३१ डिग्री सगळ्यात मानवतं, थंड हंगामी गवताला २०. सूत्रातला दुसरा आकडा, म्हणजे या तापमानापासून दूर गेलं की वाढ किती झपाट्याने घटते तो, उष्ण हंगामी गवताला ७ धरा. जानेवारीत सरासरी २१ आली तर बर्म्युडा कमाल वाढीच्या ३६ टक्क्यांवर येतं, मे महिन्यात ३० ला ९९. हे दोन आकडे शेजारी ठेवले की जानेवारीत मे इतकंच खत का टाकायचं नाही ते मुलांना आपोआप कळतं. पाण्याला एफएओ ५६ (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची पुस्तिका) ची पेनमन-माँटिथ पद्धत, त्यातून हवामानावरून पाण्याची गरज निघते; तिला गुणायचा पीक गुणांक उष्ण हंगामी गवताला ०.८० ते ०.८५.

ग्रीनकीपर: गोल्फ कोर्स सांभाळतो, त्यामुळे मार्कांवर बोलतो. शेवटी लॉन किती हिरवं राहिलं त्यावर मार्क अजिबात देऊ नका!! मुलं युरिया आणि पाणी ओतत बसतील आणि स्क्रीनवर सगळं छान दिसेल. प्रत्यक्षात त्याची किंमत नंतर मोजावी लागते, थॅच (मेलेल्या गवताचा थर) साचतो, मुळं वरच राहतात आणि पहिल्या कडक उन्हात गवत बसतं. तेव्हा हे उशिरा येणारे परिणाम आणि पैशाची मर्यादा सिम्युलेशनमध्ये घालाच. पुढचा आठवडा उघडायच्या आधी "हे का केलं" याच्या दोन ओळी लिहून घ्या आणि मार्क त्या ओळींना द्या, कारण चांगला निर्णय घेऊनही अवकाळी पाऊस येतो आणि सगळं बिघडतं, त्याची शिक्षा पोराला कशाला. आमच्याकडे येणाऱ्या ट्रेनींना रोगांची नावं तोंडपाठ असतात पण आज फवारायचं नाही, थांबायचं, हे ठरवता येत नाही.

बागशाळा: हे फार पटलं. मग रोगासाठी डॉलर स्पॉटचं (गवतावर डाग पाडणारा बुरशीजन्य रोग) धोका सांगणारं स्मिथ-कर्न्स मॉडेल जोडू का? पाच दिवसांचं सरासरी तापमान आणि आर्द्रता एवढंच मागतं.

विस्कॉन्सिनकर: जोडा, पण आधी आपल्या जुलैचे आकडे घालून बघा. मी इथे अमेरिकेत टर्फमध्येच आहे, हे मॉडेल इथल्या बेंटग्रासवर (थंड हंगामी गवत) तयार झालंय आणि साधारण २० टक्के धोका दिसला की फवारा असा इथला रिवाज. तापमान २५ आणि आर्द्रता ८५ टाकली तर उत्तर ७० च्या वर जातं, म्हणजे पुण्यात अख्खा पावसाळा लाल दिवा. विद्यार्थी दर आठवड्याला बुरशीनाशक मारणार आणि मॉडेलप्रमाणे तो बरोबरच ठरणार! त्यामुळे किती टक्के धोक्याला फवारायचं, तो उंबरठा मुलांनाच ठरवू द्या, आणि तुमच्या प्लॉटवर डाग दिसल्याच्या तारखांशी ताडून बघायला लावा. माझ्या मते परीक्षेचा सगळ्यात चांगला प्रश्न तोच होईल.

ग्रीनकीपर: अगदी बरोबर. आणि प्रॅक्टिकल काढून टाकू नका हं. प्लग (मातीसकट गवताचा तुकडा) काढून मुळं कुठवर गेलीत ते बोटाने बघणं, पहाटे दव असताना डॉलर स्पॉटचं पांढरं जाळं ओळखणं, हे स्क्रीनवर येत नाही. निम्मे मार्क तिकडे ठेवा.

बागशाळा: ठेवते. प्लॉटच्या जुन्या नोंदवह्या आहेत, त्यातून डागांच्या तारखा काढायला याच बॅचला बसवते. एक्सेल तयार झालं की फाइल इथेच टाकीन, तोडून बघा सगळ्यांनी.