विषय: दुकानाचं लीज – दोन शब्दांचा अर्थ हवा आहे

लेस्टरहून, सोमवार रात्री

सर्वांना नमस्कार,

गणपतीच्या महाप्रसादाला ज्यांनी मोदक मागून घेतले, त्यांच्यासाठी बातमी. मी आणि माझी जाऊबाई मिळून दुकान काढतोय. वडापाव, मिसळ आणि दिवाळीला फराळ. जागा ठरली आहे, दहा वर्षांचं लीज आहे. एजंटने एक्केचाळीस पानं पाठवली, ती दोन रात्री जागून वाचली. ‘डिमाइज’, ‘कव्हेनंट’ वगैरेंचे अर्थ वहीत उतरवून घेतले. दोन ठिकाणी अडलेय:

१. भाडं ‘युज्वल क्वार्टर डेज’ना, म्हणजे तिमाहीच्या ठरलेल्या दिवशी, आगाऊ द्यायचं. तारखा कुठेच लिहिलेल्या नाहीत. एक जानेवारी, एक एप्रिल असं धरायचं का?

२. आम्ही दोघी ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ जबाबदार. म्हणजे दोघींनी मिळून, असंच ना?

बाकी सगळं सरळ आहे. दुरुस्तीचं कलम तर एका ओळीचं आहे, जागा ‘गुड अँड सबस्टॅन्शियल रिपेअर’मध्ये, म्हणजे चांगल्या, भक्कम दुरुस्त स्थितीत, ‘कीप’ करायची. ती आम्ही ठेवूच. मागच्या खोलीत थोडी ओल आहे आणि छत एका कोपऱ्यात गळतं, पण एजंट म्हणाला, हे नेहमीचंच वाक्य आहे, काळजी करू नका. शुक्रवारी सही करायची आहे.

—

हॅरोहून, मंगळवार सकाळी

वहिनी, अभिनंदन! पण शुक्रवारची सही थांबवा. तीस वर्षं एका सॉलिसिटरच्या कचेरीत दुकानांची लीजं हाताळली, म्हणून हक्काने सांगतो.

आधी तुमचे प्रश्न. इंग्लंडात ‘युज्वल क्वार्टर डेज’ म्हणजे २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर. जुन्या ख्रिस्ती सणांवरून ठरलेल्या या तारखा आहेत. सगळ्यांना त्या ठाऊक आहेत असं धरून चालतात, म्हणून कागदावर लिहीत नाहीत. तुमचं लीज ऑक्टोबरच्या मध्यात सुरू झालं, तर २४ डिसेंबरपर्यंतचं भाडं सुरुवातीलाच द्यावं लागेल आणि लगेच २५ तारखेला पुढच्या पूर्ण तिमाहीचं. नवं दुकान, पहिले दहा आठवडे आणि दोन हप्ते. मालकाला महिन्याच्या हप्त्यांबद्दल विचारून बघा, पुष्कळदा ऐकतात.

‘सेव्हरली’त ‘सेव्हरल’ दिसतं, म्हणून आपण ‘अनेकांनी मिळून’ असं वाचतो. अर्थ नेमका उलटा आहे, वेगवेगळं, एकेकटीने. आपल्याकडच्या बँकेच्या कागदांत ‘संयुक्तपणे व पृथकपणे’ असतं, तेच हे. भाडं थकलं तर मालक अर्धं तुमच्याकडे आणि अर्धं जाऊबाईंकडे मागायला बांधील नाही. पूर्ण रक्कम दोघींपैकी कुणाही एकीकडून वसूल करू शकतो.

आता जे तुम्ही विचारलंच नाहीत ते. माझी झोप त्यानेच उडवली. ‘कीप’ आपण शाळेत शिकलो, ठेवणे. जशी मिळाली तशी ठेवायची, असाच मराठी मन अर्थ लावतं. पण १८९० साली प्राउडफूट विरुद्ध हार्ट या खटल्यात अपील कोर्टाने ठरवलं, की जागा दुरुस्त ‘ठेवायची’ तर ती आधी दुरुस्त असायला हवी. नसेल तर भाडेकरूने प्रथम ती दुरुस्त करायची आणि मग तशी ठेवायची. त्या खटल्यातलं घर तर फक्त तीन वर्षांच्या कराराने दिलेलं होतं! किती दुरुस्ती करायची हे इमारतीचं वय, प्रकार आणि वस्ती बघून ठरतं, एवढाच दिलासा. म्हणजे तुम्ही यायच्या आधीपासून गळणारं ते छत सही करताक्षणी तुमचं. आणि दहा वर्षांनी किल्ल्या परत देताना मालकाचा सर्व्हेअर, म्हणजे इमारत तपासणारा माणूस, दुरुस्त्यांची यादी घेऊन उभा राहील.

उपाय आहे. ‘शेड्यूल ऑफ कंडिशन’ करून घ्या. फोटोंसह प्रत्येक भिंतीची, छताची आजची नोंद, दोन्ही बाजूंच्या सह्या, आणि कलमात स्पष्ट वाक्य, की जागा याहून चांगल्या स्थितीत आणायला भाडेकरू बांधील नाही. नुसते फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवाल तर उपयोग नाही, ते लीजला जोडलेले हवेत. छपराच्या दुरुस्तीची जबाबदारी मालकाकडे राहील असं लिहून मिळालं तर उत्तमच.

—

रेडिंगहून, मंगळवार दुपारी

ताई, मी या ‘सेव्हरली’तून गेले आहे. मैत्रिणीबरोबर शिवणकामाचं दुकान होतं. ती दोन वर्षांनी भारतात परत गेली. मालकाची नोटीस एकट्या माझ्या नावाने आली, पूर्ण थकबाकीची. आपसांत अर्धं-अर्धं ठरलं होतं, पण त्याच्याशी मालकाला घेणंदेणं नव्हतं. तिने पुढे सव्वा वर्षाने तिचा वाटा पाठवला, मैत्री टिकली, पण ते सव्वा वर्ष मी रात्री मोजून काढलंय. जाऊबाईंशी वेगळा कागद करा. घरातलं माणूस आहे म्हणून नको, असं म्हणू नका.

—

लेस्टरहून, मंगळवार रात्री

काका, ताई, हात जोडून आभार. एजंटला फोन केला. तो परत म्हणाला, हे सगळ्याच लीजमध्ये असतं, तुमचा मालक इतका कडक नाही, कोर्टसुद्धा शहाणपणानेच वाचतं. खरं आहे का हे?

—

हॅरोहून, बुधवार सकाळी

वहिनी, एजंट मालकाचा आहे. त्याचं फोनवरचं वाक्य लीजमध्ये नाही.

कोर्ट शहाणपणाने वाचतं, पण लिहिलेलं वाचतं. वेल्समध्ये ऑक्सविचला सुट्टीत राहायची छोटी घरं आहेत, नव्व्याण्णव वर्षांच्या लीजवर. काही लीजांत देखभालीचा खर्च पहिल्या वर्षी ९० पौंड आणि पुढे दर वर्षी दहा टक्के वाढ, असं कलम होतं. सत्तरच्या दशकात महागाईच तेवढी होती, कुणाला खटकलं नाही. पण चक्रवाढीने तो आकडा २०७२ साली साडेपाच लाख पौंडांच्या वर जातो, एका घराचा, एका वर्षाचा! भाडेकरू म्हणाले, असा अर्थ कुणाच्या मनात असणंच शक्य नाही. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने मालकाच्या बाजूने निकाल दिला. शब्द स्पष्ट आहेत आणि सौदा पुढे वाईट ठरला म्हणून कोर्ट तो नव्याने लिहून देत नाही. अर्नोल्ड विरुद्ध ब्रिटन हा तो खटला. मला एक विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्तींचं म्हणणं अधिक पटतं, पण कायदा चारांचाच.

आणखी एक बघा. १९५४च्या मालक-भाडेकरू कायद्याखालचं (लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्ट) संरक्षण काढून घेतलंय असं कुठे म्हटलंय का? तसं असेल तर दहा वर्षांनी लीजचं नूतनीकरण मागायचा तुमचा हक्क राहत नाही. हे संरक्षण काढायचं तर आधी एक इशारापत्र देतात आणि तुमच्याकडून घोषणापत्र घेतात. ते पत्र इतर कागदांत मिसळून येतं.

—

लेस्टरहून, शनिवार

काका, इशारापत्र होतं, एजंटच्या दुसऱ्या मेलला जोडलेलं. मी उघडलंच नव्हतं. सही केली नाही. सॉलिसिटर बाईंनी छपराची दुरुस्ती मालकाने करावी असं मागितलंय, फोटोंसाठी सर्व्हेअर गुरुवारी येतोय. भाडं दर महिन्याला द्यायला मालक तयार झाला. जाऊबाईंबरोबरचा कागद काल रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर मराठीत लिहिला, आता त्याचं इंग्रजी कुणी करून देईल का? ‘ठेवणे’ हा शब्द त्यात तीनदा आला आहे.