मदत हवी आहे : साड्यांच्या शूटसाठी ड्रोन पायलट

नमस्कार मंडळी,

माझी बहीण हातमागाच्या सुती साड्या विकते. तिच्यासाठी दोन-तीन मिनिटांची फिल्म करायची आहे. ऑक्टोबरमध्ये, भात कापणीला येण्याआधी, मुळशीच्या बाजूला. खडकवासला जवळ पडलं असतं, पण तिथे एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आहे, लष्करी जागेजवळ ड्रोन उडवणं अडचणीचं, म्हणून तो विचार सोडला.

लग्नाचे शूट करणारे बरेच भेटले. कामात तरबेज आहेत, पण सगळ्यांचा भर ड्रोन सरळ वर नेऊन खालचं दाखवण्यावर. आम्हाला हवंय ते वेगळंच: बांधावरून चालणाऱ्या बाईच्या मागून, कमरेएवढ्या उंचीवर, अगदी सावकाश. ड्रोन फार जवळ आला की पंख्यांच्या वाऱ्याने निऱ्या विस्कटतात आणि पदर भलतीकडेच उडतो. किती अंतर ठेवायचं आणि वाऱ्याची दिशा कशी धरायची, हे जाणणारा माणूस हवा.

पैसे घेऊन काम करायचं म्हणजे ड्रोनचा नोंदणी क्रमांक हवाच, आणि ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा जड असेल तर रिमोट पायलट सर्टिफिकेट, म्हणजे ड्रोन उडवण्याचा परवानाही. शेतमालक ओळखीचे आहेत, त्यांना त्रास झालेला मला चालणार नाही. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा ग्रीन झोनमध्ये (जिथे वेगळी परवानगी लागत नाही) आहे का, हेही पायलटनेच आधी तपासावं.

कुणी स्वतः असं काम करून घेतलंय का? दर दिवसावर ठरतो की तासावर? पाऊस आला तर दिलेल्या अ‍ॅडव्हान्सचं काय करतात? कच्चं फुटेज मिळतं का? पायलटचं जुनं काम पाहायला मिळालं तर फार बरं होईल.