रोमचा बिशप, लुथरनांच्या कॅलेंडरात

नंदाखालकर
आम्ही कॅथलिक; धाकटी बहीण अमेरिकेत मिनेसोटात दिली आहे, लुथरन प्रोटेस्टंट घरात. परवा तिनं त्यांच्या चर्चच्या दिनदर्शिकेचा फोटो पाठवला. ३ जूनच्या रकान्यात नाव: तेविसावे जॉन, रोमचे बिशप, १९६३. मी चाटच पडलो. आमच्या ओटीवरची पोप महोदयांची तसबीर पाहून इतर मंडळ्यांचे पाहुणे अजून अवघडतात, आणि तिकडे ल्यूथरचे वारस एका पोपची आठवण ठेवतात! अमेरिकेतले अँग्लिकनही ठेवतात, ४ जूनला. सर्व पंथांत प्रिय असा हा पोप.

चांगुलपणाचं म्हणाल तर चांगले पोप बरेच झाले. या माणसात वेगळं काय होतं, ते मला एका प्रसंगात दिसतं. २ डिसेंबर १९६० ला इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचे प्रमुख, कँटरबरीचे आर्चबिशप जेफ्री फिशर व्हॅटिकनमध्ये आले. चौदाव्या शतकानंतर ही पहिलीच भेट. खुद्द व्हॅटिकनच्या दरबाऱ्यांना ती इतकी नको होती की दोघांचा एकत्र फोटोही काढू दिला नाही. फिशरनी नंतर सांगितलेली हकीगत अशी: बोलता बोलता पोप महोदयांनी दुरावलेल्या बांधवांनी रोमकडे 'परत येण्याचा' मजकूर वाचून दाखवला. फिशर म्हणाले, परत नाही. मागे कुणालाच जाता येत नाही. आपण समांतर चाललोय, देवाच्या वेळेला वाटा मिळतील. पोप क्षणभर थांबले आणि म्हणाले, तुमचं बरोबर आहे.

ऐंशीच्या घरातला माणूस, त्यातून पोप, आणि समोरच्या पाहुण्यानं चूक दाखवल्यावर 'तुमचं बरोबर आहे' म्हणतो. आमच्या पॅरिश कौन्सिलच्या मीटिंगमध्ये हे वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही.

पाळकाचा_नातू
मी नगरचा, चर्च ऑफ नॉर्थ इंडियावाला, म्हणजे प्रोटेस्टंट. प्रसंग छान आहे, पण ती नोंद नीट वाचा की. 'पोप' नाही लिहिलं, 'रोमचे बिशप' लिहिलंय. त्यांनी माणूस घेतला आणि गादी बाहेर ठेवली. १८७० चा पोपच्या अचूकपणाचा सिद्धांत जॉननी एक इंचही हलवला नाही. १९५९ च्या त्यांच्याच परिपत्रकात आम्हाला आमंत्रण होतं ते 'आपल्याच घरी या' असं. घर त्यांचं, किल्ली त्यांची, आम्ही फक्त यायचं.

आणि ऐक्याचं म्हणाल, तर सहा मंडळ्या १९७० साली नागपुरात एक होऊन आमचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यासाठी पोप लागला नाही.

लॅटिनची_आवड
नातूसाहेबांशी चक्क सहमत, वेगळ्या कारणानं! मी कट्टर कॅथलिक. ज्याला जो हवा तो जॉन लोकांनी घडवलाय. सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळांत, लॅटिन टिकलंच पाहिजे असं फर्मान फेब्रुवारी १९६२ मध्ये यांनीच काढलं, ते कुणाला आठवत नाही. प्रत्यक्ष काम केलं त्यांच्यानंतरच्या पोपनी, सहाव्या पॉलनी. जानेवारी १९६४ ला यरुशलेमला जाऊन पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे कॉन्स्टँटिनोपलचे प्रमुख अथेनागोरास यांना भेटले, डिसेंबर १९६५ मध्ये १०५४ मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपलनं एकमेकांवर घातलेले बहिष्कार दोन्ही बाजूंनी रद्द केले, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा (जॉननी बोलावलेली जगभरच्या बिशपांची सभा) ख्रिस्ती ऐक्यावरचा ठराव १९६४ चा. जॉन ३ जून १९६३ ला पोटाच्या कर्करोगानं गेले. परिषदेचं एकच सत्र त्यांनी पाहिलं. गोड हसणारा गुटगुटीत म्हातारा लोकांना आवडतो, इतकंच.

इतिहासाची_मास्तरीण
'इतकंच' कसं? १९२८ मध्ये अकराव्या पायसनी कॅथलिकांना इतर पंथांच्या ऐक्यसभांना जायला साफ मनाई केली होती. १९४८ ला ॲम्स्टरडॅममध्ये चर्चेसची जागतिक परिषद (इतर पंथांची ऐक्यसंघटना) भरली तेव्हाही बंदीच. जॉननी १९६० मध्ये ख्रिस्ती ऐक्यासाठी वेगळं सचिवालय काढलं, कार्डिनल बेआंच्या हाती दिलं, आणि पुढच्याच वर्षी त्या जागतिक परिषदेच्या अधिवेशनाला कॅथलिक निरीक्षक पहिल्यांदा अधिकृतपणे गेले. कुठे? नवी दिल्लीला. नातूसाहेब, हे तर आपल्या अंगणात घडलंय. पॉल ज्या रस्त्यानं यरुशलेमला गेले तो फोडला कुणी?

आणि हे म्हातारपणी सुचलेलं नव्हतं. पोप होण्याआधी हा माणूस जवळजवळ दहा वर्षं रोमचा प्रतिनिधी म्हणून ऑर्थोडॉक्स बल्गेरियात होता, मग इस्तंबूलला. रोमच्या दृष्टीनं ह्या आडबाजूच्याच नेमणुका. बल्गेरिया सोडताना म्हणाले होते, माझ्या घरावरून कुणी बल्गेरियन रात्री गेला तर खिडकीत दिवा दिसेल; दार वाजवा, कॅथलिक की ऑर्थोडॉक्स हे विचारणार नाही. इटलीत बेर्गामोजवळच्या खंडकऱ्याच्या घरात डझनभर भावंडांत वाढलेला माणूस असंच बोलणार. दाराशी आलेल्याला आधी जात विचारायची की आधी पाणी द्यायचं, हे गावाकडच्या माणसाला कळतं (सगळ्या नाही, पण असो).

उत्तरेकडचा_वारा
'सर्व पंथांत प्रिय' हे जरा आवरा. जॉन गेले तेव्हा उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टच्या सिटी हॉलवर ध्वज अर्ध्यावर आणला, तर तिथले पाळक इयन पेस्लींनी त्याच्या निषेधार्थ मोर्चा काढला. तेही प्रोटेस्टंटच. आणि व्हॅटिकन परिषदेच्या पहिल्या सत्राला रशियन चर्चनं निरीक्षक पाठवले, पण कॉन्स्टँटिनोपलनं पाठवले नाहीत. दिवा खिडकीत असला तरी सगळे लगेच आत येत नाहीत.

पाळकाचा_नातू
मास्तरीणबाई, दिल्लीचं माहीत नव्हतं. कबूल. पण माझा मुद्दा उभाच आहे. व्हॅटिकन परिषदेत आमचे लोक बसले ते निरीक्षक म्हणून. मत देता आलं नाही, सभेत बोलता आलं नाही.

इतिहासाची_मास्तरीण
मत नव्हतं, खरंय. पण बसवलं कुठे ते पाहा: संत पेत्राच्या महामंदिरात, कार्डिनलांच्या जवळ, सगळं नीट दिसेल अशा जागी. बिशपांना मिळत होते तेच गोपनीय मसुदे त्यांच्या हातात. बेआंचे लोक त्यांचे अभिप्राय विचारत. लग्नाला बोलावून मांडवाबाहेर बसवणं आणि यजमानाच्या पंगतीला बसवणं यात फरक आहे ना?

लॅटिनची_आवड
पंगत कळली, पण वाढलं काय?

नंदाखालकर
मूळ लेखात मी 'चूक दाखवल्यावर मान्य केली' यावर भर दिला, तो तसाच ठेवतो. लॅटिनभाऊ म्हणतात ते खरं, कागदावरचं काम पॉलचं. मला पॉलही आवडतात. १९६४ च्या डिसेंबरात ते मुंबईला आले तेव्हा आमचे आजोबा वसईहून बघायला गेले होते. पण कागदावर सही करणाऱ्याची तारीख लोक पाठ करतात, आणि ज्यानं पहिल्यांदा 'बसा' म्हटलं त्याचं नाव कॅलेंडरात जातं. हे न्याय्य आहे असं मी म्हणत नाही.

नातूसाहेब, 'रोमचे बिशप' ह्यावर बहिणीला विचारलं. ती म्हणाली, त्यांच्याकडे तसंच लिहितात. जॉनना चाललं असतं बहुतेक. रोमचे बिशप तर ते होतेच.

आणि एक. फोटो नीट मोठा करून पाहिला. त्याच ३ जूनच्या रकान्यात त्यांच्या वरच्या ओळीत युगांडाचे हुतात्मे आहेत, १८८६ चे. राजानं जाळून मारलेली तरुण पोरं, काही कॅथलिक, काही अँग्लिकन.

पाळकाचा_नातू
फोटो इथे टाका ना. वडिलांना दाखवायचाय.