मदत हवी आहे: व्यापारी गटात नवे देश आले की जुन्या सदस्यांच्या शेतमाल निर्यातीचं काय होतं?

प्रबंधाच्या एका प्रकरणात अडकलोय. १ मे २००४ ला युरोपीय संघात एकदम दहा देश आले. मला बघायचंय की फ्रान्स, नेदरलँड्ससारख्या जुन्या सदस्यांच्या शेतमाल निर्यातीला त्याचा फायदा झाला की फटका बसला.

ग्रॅव्हिटी मॉडेलमध्ये (देशांच्या अर्थव्यवस्थेचा आकार आणि अंतर यांवरून व्यापाराचा अंदाज बांधणारं मॉडेल) २००४ पासून १, त्याआधी ० असा डमी (हो/नाही दाखवणारा चल) टाकला, तर परिणाम जवळपास शून्य! आधी वाटलं डेटाच गंडलाय. मग लक्षात आलं, बऱ्याच मालावरचं आयात शुल्क संघ आणि या देशांमधल्या २००० पासूनच्या करारांनी आधीच उतरलं होतं. म्हणजे पाणी आधीच मुरलेलं, आणि मी पाऊस २००४ मध्ये मोजतोय. मग सुरुवातीचं वर्ष कोणतं धरू? प्रत्येक मालाचं वेगळं?

दुसरी अडचण जास्त छळतेय. जुन्या सदस्याला पोलंडची बाजारपेठ मिळते, पण जर्मनीत त्याच्यासमोर पोलंडचंच चिकन उभं राहतं. एकाच डमीत दोन्ही परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात. हे वेगळे कसे काढायचे? अर्थतज्ज्ञ व्हायनरची व्यापारनिर्मिती (महाग देशी मालाऐवजी गटातल्या देशाचा स्वस्त माल येणं) आणि व्यापारवळण (गटाबाहेरच्या स्वस्त पुरवठादाराऐवजी गटातल्या महाग पुरवठादाराकडून माल येणं) ही विभागणी वाचली आहे, पण त्यातलं व्यापारवळण गटाबाहेरच्या पुरवठादारांबद्दल बोलतं.

कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा. शून्य व्यापाराच्या नोंदींसाठी पीपीएमएल (शून्य नोंदीही सामावून घेणारी अंदाजपद्धत) वापरतोय, त्यात अडचण नाही.