मदत हवी आहे: राजस्थान सहलीच्या शेवटी तीन रात्री कुठे काढाव्यात?

जानेवारीत जयपूर, जोधपूर, जैसलमेर, उदयपूर असे नऊ दिवस फिरून शेवटच्या तीन रात्री फक्त आराम करायचा आहे. आम्ही दोघे आणि आई (वय ७१, गुडघेदुखी, पूर्ण शाकाहारी). किल्ले-राजवाडे तोवर भरपूर झालेले असतील.

उदयपूरच्या तलावाकाठच्या हवेल्या पाहिल्या. सुंदर आहेत, पण अरुंद जिने, लिफ्ट नाही. कुंभलगड शांत वाटतं, पण चौकशी केलेल्या दोन्ही रिसॉर्टच्या खोल्या चढावर. माउंट अबूहून आबूरोडला उतरून मुंबईची गाडी सोयीची, मात्र तिथली थंडी आईला सोसेल का, ही खरी काळजी.

गाडी-चालक सोबत आहे, बजेट रात्री सहा हजारांपर्यंत. तळमजल्याची खोली, बसायला अंगण आणि साधं जेवण मिळेल, असं तुम्ही स्वतः राहिलेलं ठिकाण यांपैकी कुठे आहे?