पद्मिनीला मारुती ८००चा कार्ब्युरेटर : प्लग पांढरे, पिकअप नाही

गोडोलीकर, सातारा
घरची १९८८ची प्रीमियर पद्मिनी आहे, १०८९ सीसी, पेट्रोल. मूळ सोलेक्स कार्ब्युरेटरचा थ्रॉटल शाफ्ट (हवेची पाती फिरवणारा दांडा) झिजून बोटाने हलायला लागला होता. फिटरने अ‍ॅल्युमिनियमची प्लेट बनवून मारुती ८००चा जुना कार्ब्युरेटर बसवला. आता अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडी बंद पडते, म्हणून स्क्रूने रेस वाढवून ठेवलीय. पाय दाबला की आधी गचका, मग ओढते. यवतेश्वरच्या घाटात तर फारच जड जाते. चारही प्लग पांढरे निघाले. फिटर म्हणतो, लहान इंजिनाचा कार्ब्युरेटर आहे, पेट्रोल कमी पडतंय, मेन जेटचं (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तुकड्याचं) भोक मोठं करू. करू द्यावं का? वडिलांची गाडी आहे, बिघडवायची नाहीये.

मिरजवाला
मूळ सोलेक्सच शोधा. जुन्या बाजारात फिरलात तर मिळेल.

कराडचा मिस्त्री
सोलेक्स मिळाला तर उत्तमच, पण तोवर जेटला हात लावू देऊ नका. मोठं केलेलं भोक परत लहान होत नाही, आणि आजार तिथला नाही.

इंजिन किती सीसीचं आहे हे कार्ब्युरेटरला ठाऊक नसतं. व्हेंचुरीतून, म्हणजे त्याच्या अरुंद घशातून, हवा जेवढ्या जोरात जाईल तेवढा तिथला दाब उतरतो आणि त्या मानाने जेटमधून पेट्रोल उचललं जातं. ७९६ सीसीचा कार्ब्युरेटर तुमच्या इंजिनावर लावला की हवा जोरात जाते, तसं पेट्रोलही जास्त येतं. तोटा होतो तो वरच्या रेसला, कारण घसा अरुंद आहे. पण चारही प्लग पांढरे म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, म्हणजे बहुतेक कार्ब्युरेटरच्या खालून कुठूनतरी चोरटी हवा आत शिरतेय. ती व्हेंचुरीतून गेलेलीच नसते, मग तिच्या वाटणीचं पेट्रोल येणार कुठून? आताच्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलने मिश्रण आणखी जरा पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं हे खरं, पण तेवढ्याने एवढा गचका बसत नाही.

आधी स्लोचं, म्हणजे पाय न लावता इंजिन चालतं त्याचं, बघा. मारुतीच्या कार्ब्युरेटरला एक सोलेनॉइड (विजेवर उघडणारी छोटी झडप) असतो. चावी चालू केल्यावर त्याला १२ व्होल्ट मिळाले तरच स्लोचं पेट्रोल सुटतं. पद्मिनीत ती वायरच नाही, त्यामुळे बसवणारे बरेचदा ती तशीच सोडतात आणि रेस वाढवून वेळ मारून नेतात. मग थ्रॉटलची पाती आधीच उघडी राहते आणि पाय दाबताना मधेच पेट्रोल तुटतं. तुमचा गचका बहुतेक हाच.

मग व्हॅक्यूमच्या नळ्या. त्या कार्ब्युरेटरला नळ्या बऱ्याच असतात. जी वापरात नाही तिला रबरी टोपी हवीच, नाहीतर तिथूनही हवा शिरते. शेवटी प्लेट. इंजिन स्लोवर ठेवून प्लेटच्या कडेने पाण्याचा बारीक फवारा मारा, पेट्रोल अजिबात नको. आवाज बदलला की गळती तिथेच.

हे सगळं झाल्यावरच जेटचा विचार. प्लग बघायचे ते चढावर गाडी ओढवून, तिथेच बाजूला घेऊन, इंजिन बंद करून. घरी येऊन काढलेला प्लग स्लोचा रंग दाखवतो. तरीही पांढरेच असले तर एक नंबर मोठा तयार जेट आणा, जुना जपून ठेवा. आणि ट्यूनिंग साताऱ्यातच करा. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर हवा विरळ असते. तिथे बरोबर जमवलेलं मिश्रण खाली आल्यावर पातळ पडतं.

गोडोलीकर, सातारा
काका, सोलेनॉइडची वायर खरंच टेपने गुंडाळून ठेवली होती! चावीवरून लाइन दिली, रेस उतरवली, स्लो टिकला. गचकाही बराच कमी झाला. फवारा मारल्यावर प्लेटच्या मागच्या बाजूला आवाज बदलतोय. तिथे सिलिकॉन भरू का?

कराडचा मिस्त्री
साधा सिलिकॉन नको, पेट्रोलने फुगतो आणि तुकडे आत जातात. प्लेट काढून जाड काचेवर एमरी पेपर ठेवा आणि दोन्ही बाजू सपाट होईपर्यंत घासा. मारुतीला दोन घसे, पद्मिनीच्या मॅनिफोल्डला (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या वाटेला) एकच तोंड. म्हणून प्लेटच्या आतली कड हवेच्या वाटेत येत असेल तर तीही कानसून उतरती करा. दोन्हीकडे नवीन कागदी पॅकिंग आणि मध्ये बेकेलाइटचा जाड तुकडा घाला, नाहीतर उन्हाळ्यात इंजिनाच्या उष्णतेने कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळेल. नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच बाजू आधी आवळली तर कार्ब्युरेटरचा तळ वाकतो आणि हवा परत ओढायला लागते.